बरतरफ ते बहाल

नोकरीवरून काढून टाकण्याला मराठीत आपण ‘बडतर्फ’ म्हणतो. शब्द फारसीतून आला. मूळ ‘बर-तरफ’, म्हणजे एका बाजूला. माणसाला उचललं आणि बाजूला ठेवलं. त्याच घराण्यातला दुसरा शब्द ‘बहाल’. ‘ब-हाल’ म्हणजे पूर्वीच्या हालतीत, होता तसा. आज आपण पदवी बहाल करतो, पण जुन्या कागदांत काढलेला माणूस पुन्हा जागेवर बसवला की तो ‘बहाल’ होत असे. दोन्ही शब्द दरबारी. गंमत अशी की, बडतर्फ करणारा आणि बहाल करणारा हात एकच असायचा. धन्याची मर्जी फिरली की माणूस गेला, मर्जी वळली की परत आला. या दोन शब्दांच्या मध्ये तिसरा कुणी उभा राहू शकतो आणि धन्याला विचारू शकतो की, बाबा रे, का काढलंस, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा रुजली. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

मी वकील नाही. बी.ए. झालो आणि कविता करत राहिलो. पण या विषयाचे काही शब्द मला शाळेच्या पुस्तकाआधी घरात शिकायला मिळाले. माझे अब्बा सोलापूरच्या एका गिरणीत साचेवाले होते. १९७८ च्या पावसाळ्यात एक दिवस ते वेळेआधी घरी आले. हातात इंग्रजीत टंकलेला कागद होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा. गल्लीतल्या गुरुजींनी तो वाचून दाखवला. दोन आरोप होते. रात्रपाळीत साचा बंद ठेवून झोपले हा पहिला आणि जॉबरला उर्मट बोलले हा दुसरा. अब्बा म्हणाले, “गुरुजी, दुसरं खरं आहे. पहिलं नाही.”

अब्बांची गोष्ट पुढे येईलच. आधी थोडं मागं जाऊ.

इंग्रजी अमदानीत मालक आणि मजूर यांच्यातल्या कराराचा जो पहिला कडक कायदा झाला, तो मजुराच्या बाजूचा नव्हता. १८५९ चा तेरावा कायदा. उचल घेऊन मजूर काम सोडून गेला तर मालकानं मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट मजुराला सांगणार, पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर. नाही ऐकलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे मजुरानं काम सोडलं तर तो गुन्हा, आणि मालकानं मजुराला सोडलं तर ती त्याची खुशी. हा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्याचं ठरेपर्यंत टिकला. सहासष्ट वर्षं! आपल्या आजोबा-पणजोबांची सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली.

दिवाणी कोर्टात काय होतं? तिथं विलायतेतून आलेलं एक तत्त्व होतं. धनी आणि चाकर यांचा करार हा जिव्हाळ्याचा, व्यक्तिगत करार. न मानवणारा चाकर कोर्ट धन्याच्या गळ्यात बांधणार नाही. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात तेच आलं. त्यामुळं चुकीनं काढलेला माणूस दिवाणी कोर्टात गेलाच, तर त्याला फार तर नोटिशीच्या मुदतीचा पगार मिळायचा. महिन्याची नोटीस असेल तर महिन्याचा पगार. नोकरी मात्र नाही. वीस वर्षं राबलेल्या माणसाच्या हातावर एक महिन्याचे पैसे ठेवायचे आणि याला न्याय म्हणायचं! घरगुती खानसाम्यासाठी एकवेळ हे तत्त्व समजू शकतं. पण ज्या गिरणीत दोन-तीन हजार माणसं कामाला आहेत आणि मालकानं त्यातल्या निम्म्यांचं तोंडही पाहिलेलं नाही, तिथं कसला आलाय जिव्हाळा?

गिरणीत कामगाराचा खरा धनी मालक नव्हताच. तो होता जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घेणं त्याच्या हातात, काढणंही त्याच्याच. कामावर लागताना त्याला दस्तुरी द्यायची, टिकायचं असेल तरी द्यायची. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिलेल्या शाही मजूर आयोगानं, ज्याला व्हिटले आयोग म्हणतात, या जॉबरशाहीचं सविस्तर वर्णन केलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या, पुढे १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. कामाचे तास, सुटी, वेळेवर पगार यांसाठी लढे झाले. पण काढून टाकण्यावर बंधन हवं ही मागणी ऐरणीवर यायला १९२८ साल उजाडलं.

त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. मोठा संप. त्यात भांडणाचा एक मुद्दा होता ‘स्टँडिंग ऑर्डर्स’चा, म्हणजे गिरणीच्या स्थायी आदेशांचा. काय केलं की दंड, काय केलं की बडतर्फी, नोटीस किती दिवसांची, हे सगळं या आदेशांत असतं. मालकांनी ते आपल्या बाजूनं लिहिले होते. संपानंतरच्या फॉसेट समितीपुढे त्यातल्या शब्दाशब्दावर वाद झाला. मला या वादाचं फार अप्रूप वाटतं. कारण तोपर्यंत नियम मालकाच्या किंवा जॉबरच्या डोक्यात असायचा. आता तो कागदावर येणार होता आणि त्यात काय लिहायचं यावर कामगाराचा माणूस समोर बसून बोलणार होता.

१९३८ मध्ये मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळानं औद्योगिक विवाद कायदा केला. या कायद्यानं स्थायी आदेश सक्तीचे केले आणि औद्योगिक न्यायालय उभं केलं. पण त्याच कायद्यानं संपाच्या हक्काला वेसण घातली. समेटाची लांबलचक वाट चालल्याशिवाय संप केला तर तो बेकायदा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधानसभेत या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी ही मंडळी एका फडावर क्वचितच दिसत. पुढे आठ वर्षांनी, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा साऱ्या देशासाठी झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आंबेडकरांकडेच होतं.

मग आला औद्योगिक विवाद कायदा. १ एप्रिल १९४७ पासून, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी. पण कायदा झाला म्हणून बहाल करण्याचा अधिकार आपोआप आला नाही. त्यासाठी एक खटला व्हावा लागला, आणि तोही मुंबईचाच. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था. तिच्या आणि तिच्या नोकरांच्या भांडणात काढलेल्या माणसांना परत घेण्याचा मुद्दा होता. सरकारनं भांडण न्यायाधिकरणाकडे सोपवलं. संस्था म्हणाली, परत घ्या असं सांगण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाहीच; पगाराचं, तासांचं बोला, पण कुणाला नोकरीत ठेवायचं हे आम्ही ठरवणार. उच्च न्यायालयात संस्था हरली. प्रकरण गेलं फेडरल कोर्टात. सर्वोच्च न्यायालय अजून जन्मायचं होतं. १९४९ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की, दिवाणी कोर्ट करारापलीकडे जाऊ शकत नसेल, पण औद्योगिक न्यायाधिकरणाचं काम वेगळं आहे. तंटा मिटवण्यासाठी ते नवे हक्क आणि नवी बंधनं घालून देऊ शकतं. काढलेल्या माणसाला कामावर घ्या, असंही सांगू शकतं.

हा निकाल आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नसतो. असायला हवा होता. त्या दिवसापासून कामगारापुरता तरी धन्याचा हात एकटा राहिला नाही.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं मात्र नाही. १९५३ मध्ये कापडधंद्यात मंदी आली, कामगार कपात सुरू झाली, तेव्हा वटहुकूम काढून सरकारनं कपातीला नियम लावले. वर्षभर सलग काम केलेल्याला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यायचा आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. शेवटी लागलेला आधी जाणार. वर्षात २४० दिवस भरले की ‘सलग वर्ष’ झालं. हा २४० चा आकडा कामगार वस्तीतल्या निरक्षर माणसालाही पाठ असे. मालकालाही असे, म्हणून तर २३५ व्या दिवशी ब्रेक द्यायची हुशारी निघाली.

पण शिस्तभंगाच्या नावाखाली काढलं तर? इथं १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात हद्द आखून दिली. मालकाच्या चौकशीवर न्यायाधिकरण अपील ऐकल्यासारखं बसणार नाही. मालकाची नियत खोटी असेल, कामगाराचा छळ असेल, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली झाली असेल किंवा निष्कर्षाला काही आधारच नसेल, तरच हात घालायचा. म्हणजे चौकशी रीतसर असली तर क्षुल्लक चुकीलाही मालक बडतर्फीची शिक्षा देऊ शके आणि न्यायाधिकरण बघत राही. ही कोंडी फुटली १५ डिसेंबर १९७१ रोजी, कायद्यात ‘११-अ’ हे कलम आलं तेव्हा. आता कामगार न्यायालय पुरावा स्वतः तपासू शकत होतं, शिक्षा जड वाटली तर हलकी करू शकत होतं.

आणखी एक अडचण होती. एकट्या माणसाचं भांडण हे ‘औद्योगिक’ भांडण समजलं जात नसे. युनियननं किंवा बऱ्याचशा कामगारांनी पाठीशी उभं राहावं लागे. ज्याला कुणी नाही त्यानं काय करायचं? १९६५ मध्ये ‘२-अ’ कलम आलं आणि एकट्याची बडतर्फीही औद्योगिक विवाद ठरली. तरी दार सरकारच्या हातात राहिलं. सलोखा अधिकाऱ्याकडे जायचं, तिथं फिसकटलं की सरकारनं प्रकरण कोर्टात धाडायचं. सरकारला नाही वाटलं तर नाही. थेट कामगार न्यायालयात अर्ज करण्याचा हक्क या कायद्याखाली सगळीकडे आला तो सप्टेंबर २०१० मध्ये.

महाराष्ट्रात याबाबत थोडं आधीच उजाडलं होतं. गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ लागू होता. शिवाय अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा १९७१ मध्ये करून ८ सप्टेंबर १९७५ पासून राज्यानं अमलात आणला. सूडबुद्धीनं काढणं, खोट्या कारणानं काढणं, घाईघाईत चौकशी उरकणं, किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देणं, या सगळ्याची त्यात यादी आहे. बदली आणि हंगामी कामगारांना वर्षानुवर्षं तसंच ठेवणं हीसुद्धा त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. नव्वद दिवसांत तक्रार करायची. कविता करणाऱ्यानं कायद्याच्या परिशिष्टाचं कौतुक करू नये, पण ही यादी ज्यानं कुणी लिहिली, त्यानं गिरणीचा दरवाजा जवळून पाहिला होता.

आता अब्बा. त्यांची चौकशी गिरणीच्या कचेरीत झाली. चौकशी करणारे साहेब गिरणीचे, साक्षीदार तोच जॉबर. अब्बा आत गेले तेव्हा साक्ष आधीच लिहून झाली होती. सही कर म्हणाले, अब्बांनी केली. पंधरा दिवसांनी बडतर्फीचा हुकूम आला. युनियनच्या कचेरीतल्या एका कारकुनानं सांगितलं, घाबरू नका, आधी ‘अप्रोच’ द्या. गिरण्यांच्या कायद्यात तशी रीत होती. काढल्यापासून तीन महिन्यांत आधी मालकालाच पत्र द्यायचं की मला परत घ्या, मग कामगार न्यायालय. आमच्या घरात ‘अप्रोच’ हा शब्द इतका रुळला की, अम्मी वाण्याकडे उधारी मागायला जातानाही म्हणे, “अप्रोच देऊन बघते.”

अम्मी विड्या वळायची. अब्बा पूर्व भागात एका घरगुती कारखान्यात चादरीच्या मागावर जाऊ लागले. तारखांना मात्र कधी चुकले नाहीत. धुतलेला पायजमा, वर काळी टोपी. वकील म्हणाले, चौकशी सदोष आहे, हे कोर्ट मान्य करेल. तसंच झालं. पण चौकशी सदोष ठरली तरी मालकाला कोर्टापुढे नव्यानं पुरावा द्यायची मुभा असते. गिरणीनं ती मागितली. यात वर्षं गेली. तोवर जॉबर निवृत्त होऊन गावी गेला होता. दोन तारखांना आला नाही, तिसऱ्या तारखेला गिरणीनं पुरावा बंद केला.

मग न्यायाधीशांनी अब्बांना विचारलं, मधल्या काळात दुसरीकडे काही काम केलं का? वकिलांनी आधी बजावलं होतं, विचारल्याशिवाय बोलू नका. पण आता विचारलं होतं. अब्बा म्हणाले, “केलं साहेब. लेकरं होती.”

१९८३ मध्ये निकाल लागला. पूर्ववत कामावर घ्या, मागचा पगार निम्मा. गिरणीनं औद्योगिक न्यायालयात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. १९८५ मध्ये अब्बा पुन्हा त्याच फाटकातून आत गेले. मागचा पगार हप्त्याहप्त्यानं मिळाला. निम्मा का, याबद्दल आमचे मामा पुढे कित्येक वर्षं अब्बांना बोलत राहिले. अब्बा काही उत्तर देत नसत.

मागच्या पगाराचा हा प्रश्न मोठा आहे, आणि त्यावर न्यायालयंही हेलकावे खात आली आहेत. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थान टिन वर्क्सच्या खटल्यात सांगितलं की, काढणं बेकायदा ठरलं तर पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम; त्या खटल्यात मात्र ७५ टक्के दिला. पुढे वारं बदललं. विशेषतः २००० नंतरच्या अनेक निकालांत बहाल करण्याऐवजी एकरकमी भरपाई देऊन मोकळं करण्याकडे कल दिसू लागला. मग २०१३ मध्ये औरंगाबादच्या एका शिक्षिकेचा खटला आला. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा वेगळा कायदा आहे, काढल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. न्यायाधिकरणानं त्या बाईंना पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं, उच्च न्यायालयानं पगार कापला, सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा दिला. आपण कुठं कमावत नव्हतो असं कर्मचाऱ्यानं सांगितलं, की तो कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची, असं त्या निकालात आहे. शिवाय खटला लांबला याचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारू नये, असंही म्हटलं आहे. तो निकाल वाचताना मला काळ्या टोपीतले अब्बा दिसले.

अब्बांचा खटला कोर्टात रेंगाळत होता तेव्हाच, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आलं नाही. कायद्याची सगळी कलमं जागेवर होती. पण बहाल होण्यासाठी आधी जागा असावी लागते. साचेच भंगारात गेले तर कुणाला कुठं बहाल करणार? सोलापूरच्या गिरण्यांचंही पुढे तेच झालं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ चा तो कायदाही इतिहासजमा झाला. त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. एकट्याची बडतर्फी हा विवाद असणं, थेट दाद मागता येणं, हे त्यात राहिलं आहे. पण दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. सरकारची परवानगी घेऊन मगच कपात करण्याचं बंधन शंभर कामगारांच्या कारखान्याला होतं, ते आता तीनशेंच्या कारखान्याला. आणि मुदतीच्या करारावर घेतलेल्याची मुदत संपली, तर ती कपात धरली जात नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच आहे. २४० दिवस मोजण्याची कामगाराची आणि मालकाची ती जुनी शर्यत यानं बरीचशी निकालात निघाली, आणि ती कुणाच्या बाजूनं निघाली ते सांगायला नको.

परवा गल्लीतला एक मुलगा आला. पुण्यात एका कंपनीच्या गोदामात कामाला होता. म्हणाला, “चाचा, मला काढलं. काय करता येईल?” मी विचारलं, कागद कुठंय? म्हणाला, कागद दिलाच नाही. सकाळी गेलो तर फाटकावर कार्ड चाललं नाही, बस्स. मी म्हटलं, बरं, तारीख सांग, कुठल्या दिवशी कार्ड चाललं नाही? सलोखा अधिकाऱ्याकडे अर्ज लिहायचा तर पहिली ओळ तीच लागते. त्याला तारीख आठवेना. खिशातून मोबाइल काढून तो त्या दिवशी ठेकेदाराला केलेला फोन शोधू लागला.